‘गेट अक्रॉस’: ओलांडणे आणि उमजणे

पूर आलेली नदी पार करून पलीकडच्या काठाला लागलेली माणसे आणि एखादा अवघड सिद्धांत वर्गाला नीट समजावून देणारा शिक्षक, या दोघांसाठी इंग्रजीत एकच जोडी वापरतात: ‘गेट अक्रॉस’. शब्दकोश उघडला तर हे दोन अर्थ एक आणि दोन असे क्रमांक टाकून एकाखाली एक दिलेले असतात. आपल्याकडचा विद्यार्थी ते तसेच पाठ करतो, परीक्षेत लिहितो आणि पुढे बोलण्याची वेळ आली की नेमकी ही जोडी टाळतो. हे टाळणे आळसामुळे घडत नाही. ज्या दोन अर्थांमधला संबंध कोणी दाखवलेलाच नाही, ते वापरण्याची हिंमत सहसा होत नाही. या पुस्तकाचा सगळा खटाटोप तो संबंध दाखवण्यासाठी आहे. माझे म्हणणे असे की ‘गेट अक्रॉस’चा बोलण्याशी जोडलेला अर्थ ओलांडण्याच्या अर्थातूनच उगवला आहे, आणि तो संबंध केवळ इतिहासात राहिलेला नाही. आजच्या वाक्यरचनेत, सर्वनामाच्या जागेत, शब्दावरच्या आघातात तो जिवंत आहे. तो एकदा दिसला की पाठांतराचे ओझे बरेच उतरते. मात्र याच प्रतिमेत एक फसवी बाजूही आहे. तिच्याविषयी सावध करणे हेही मी या प्रस्तावनेचे काम समजतो.

क्रियापदाला छोटेसे अव्यय जोडून नवा अर्थ उभा करण्याची इंग्रजीची ही सवय जुनी आहे. सॅम्युअल जॉन्सन यांनी 1755 साली आपला कोश प्रसिद्ध केला, तेव्हा त्याच्या प्रस्तावनेतच त्यांनी नोंदवले होते की परक्या माणसाला इंग्रजी शिकताना सर्वांत जास्त अडचण या जोड्यांची होते. म्हणून त्या त्यांनी विशेष काळजीने गोळा केल्या. आज आपण सर्रास ‘फ्रेझल व्हर्ब’ म्हणतो ते नाव मात्र बरेच नंतरचे. लोगन पिअरसॉल स्मिथ यांनी 1925च्या आपल्या पुस्तकात ते रूढ केले आणि ऑक्सफर्ड कोशाचे संपादक हेन्री ब्रॅडली यांनी ते सुचवल्याचे श्रेयही तिथेच दिले. या जोड्या किती, हा प्रश्न विद्यार्थ्याला घाबरवणारा असतो, कारण कोशांत त्या हजारोंनी सापडतात. पण 2007 साली डी गार्डनर आणि मार्क डेव्हिस यांनी ब्रिटिश इंग्रजीच्या एका प्रचंड शब्दसंग्रहाची मोजदाद केली, तेव्हा आढळले की अवघी 20 क्रियापदे आणि 8 अव्यये यांच्या आपसातल्या जोड्यांनी एकूण वापराचा निम्म्याहून अधिक भाग व्यापला आहे. म्हणजे गर्दी मोठी असली तरी तिच्यात ये-जा करणारे चेहरे थोडेच आहेत. अव्यये थोडी आणि त्यांचे काम दिशा दाखवण्याचे, तेव्हा क्रियापदांच्या याद्यांपेक्षा एकेका अव्ययाकडे रोखून पाहणे अधिक फळ देते. ‘अक्रॉस’ हे या कामासाठी मी निवडले, कारण त्याच्या पोटात दोन वेगवेगळ्या आकृत्या दडल्या आहेत.

‘अक्रॉस’ हा शब्द फ्रेंचमधून आला आणि त्याचा मूळ अर्थ ‘क्रुसाच्या आकारात’, म्हणजे एकावर एक आडवे. पलीकडे जाणे हा अर्थ नंतर पसरला. आजही दोन्ही आकृत्या वापरात आहेत आणि त्या वेगळ्या ओळखल्या नाहीत की गोंधळ होतो. पहिली आकृती अल्याड-पल्याडची: दोन काठ, मध्ये नदी, रस्ता किंवा दरी, आणि एका काठावरून दुसऱ्यावर जाणारी एक रेघ. ‘गेट अक्रॉस द रिव्हर’ इथे बसते. दुसरी आकृती आडव्या रेघेची: मी माझ्या वाटेने जातो आहे आणि दुसरी एक वाट माझ्या वाटेला छेदून जाते. ‘आय केम अक्रॉस ॲन ओल्ड लेटर’ म्हणजे जुने पत्र अवचित हाती लागले. या वाक्यात पैलतीर शोधून सापडणार नाही, कारण तो तिथे नाहीच. पत्र वाटेत आडवे आले, एवढेच. मराठी माणसाला ही दुसरी आकृती परकी वाटू नये. मांजर आडवे जाते, कामात अडचण आडवी येते, हे आपण रोज बोलतो. ब्रिटिश बोलीत ‘गेट अक्रॉस समबडी’ असा एक जुना, आता विरळ झालेला प्रयोग आहे. त्याचा अर्थ एखाद्याची नाराजी ओढवून घेणे, त्याच्याशी बिनसणे. वरवर पाहता त्याचा समजावण्याशी काहीही संबंध नाही, उलट विरोधच आहे. पण आडव्या रेघेची आकृती मनात ठेवली की कोडे सुटते. ‘साहेबांच्या आडवे जाऊ नकोस’ असे आपण म्हणतो, तेव्हा आपल्याही मनात तीच आकृती असते. दोन भाषांनी एकमेकींकडून काही न घेता एकाच आकृतीवर सारखे अर्थ बांधावेत, याचा मला मनापासून आनंद वाटतो.

आता वाक्यरचनेकडे वळू. माझ्या मते सर्वांत भक्कम पुरावा इथे आहे, म्हणून जरा थांबून पाहू. नदीसाठी ‘इट’ हे सर्वनाम वापरायचे असेल तर इंग्रज माणूस म्हणेल, ‘वी गॉट अक्रॉस इट’. मुद्द्यासाठी ‘इट’ वापरायचे असेल तर तोच माणूस म्हणेल, ‘वी गॉट इट अक्रॉस’. चारच लहान शब्द, फक्त जागा बदलली, आणि पहिल्या वाक्यात माणसे पलीकडे गेली, तर दुसऱ्यात मुद्दा गेला. पहिल्या वाक्यातले ‘इट’ म्हणजे ओलांडायची गोष्ट. दुसऱ्यातले ‘इट’ म्हणजे पलीकडे न्यायची गोष्ट. म्हणूनच मुद्दा समजावल्याचे सांगायला कोणी ‘वी गॉट अक्रॉस इट’ म्हटले, तर ऐकणाऱ्याला वाटते की तो मुद्दा हाच अडथळा होता आणि ही मंडळी त्यावरून उडी मारून गेली. आता तिसरे वाक्य घ्या: ‘वी गॉट द चिल्ड्रन अक्रॉस’, मुलांना आम्ही रस्त्यापलीकडे नेले. यात बोलण्या-समजावण्याचा विषयच नाही, तरी रचना मुद्द्याच्या वाक्यासारखी आहे, नदीच्या वाक्यासारखी नाही. याचा अर्थ उघड आहे. इंग्रजीच्या व्याकरणाला मुद्दा आणि मूल सारखेच वाटतात: दोघांनाही कोणीतरी हाताला धरून पलीकडे न्यायचे असते. पूर्ण नाम असेल तेव्हा थोडी मोकळीक आहे, ‘गेट द मेसेज अक्रॉस’ आणि ‘गेट अक्रॉस द मेसेज’ ही दोन्ही चालतात. पण सर्वनाम आले की मोकळीक संपते. विद्यार्थ्याला हा नियम ‘सर्वनाम मध्ये ठेवावे’ असा कोरडा सांगितला जातो. ‘ज्याला पलीकडे न्यायचे ते मध्ये, जे ओलांडायचे ते शेवटी’ असे सांगितले तर नियम आणि चित्र एकत्र लक्षात राहतात. ज्याच्यापर्यंत न्यायचे त्याच्यासाठी ‘टू’ लागतो, ‘गेट इट अक्रॉस टू देम’. हा ‘टू’ म्हणजे पैलतीरावर उभा असलेला माणूस.

ओलांडण्यातून सांगण्याकडे हा शब्द सरकला, तो प्रवास बहुधा रंगभूमीवरून झाला. विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या अमेरिकी नाट्यव्यवसायात नटाचे काम प्रेक्षकांना भिडले की ते ‘फूटलाइट’च्या पलीकडे गेले असे म्हणत. रंगमंचाच्या पुढच्या कडेला दिव्यांची रांग असे, अलीकडे नट उजेडात, पलीकडे प्रेक्षक अंधारात. नटाला समोरचे चेहरे धड दिसत नाहीत, तरीही आवाज, भाव, विनोद त्या रांगेच्या पार जायला हवा. फ्रेंचमध्येही नाटक ‘रांप’ ओलांडते असेच म्हणतात, आणि ‘रांप’ म्हणजे तीच दिव्यांची रांग. या पार्श्वभूमीवर ‘ही केम अक्रॉस ॲज सिन्सिअर’ यासारखे प्रयोग सहज उलगडतात. तो प्रामाणिक आहे की नाही, याबद्दल हे वाक्य काही सांगत नाही. तो समोरच्याला प्रामाणिक वाटला, एवढेच सांगते. इथे पलीकडे गेलेली गोष्ट म्हणजे खुद्द त्या माणसाची छाप. नोकरीची मुलाखत, निवडणुकीचे भाषण, दूरचित्रवाणीवरची चर्चा यांच्या वर्णनात हा प्रयोग सतत भेटतो. ‘पुट अक्रॉस’ त्याच कुळातला, फक्त त्यात मांडणीच्या कौशल्याकडे लक्ष अधिक असते. ऑस्ट्रेलियातल्या कचेऱ्यांत ‘आय ॲम अक्रॉस इट’ म्हणजे त्या विषयाची मला पूर्ण माहिती आहे, असाही वापर रुळला आहे. त्याचा विचार इथे एवढाच पुरे.

‘अक्रॉस’ दिशा दाखवते, पण या जोडीतला कस ‘गेट’मध्ये आहे. ‘गो अक्रॉस’ म्हणजे पलीकडे जाणे; ‘गेट अक्रॉस’ म्हणजे सायासाने का होईना, पलीकडे पोचणे. पूल असेल, पाणी नसेल, वाट सोपी असेल तर ‘गो’ पुरतो. ‘गेट’ आला की मध्ये काहीतरी कठीण होते आणि ते पार पडले, हे दोन्ही एकदम कळते. समजावण्याच्या अर्थातही हेच होते. ‘मी त्याला समजावले, पण त्याला समजले नाही’ या वाक्यासाठी इंग्रजीत ‘एक्स्प्लेन’ चालतो. ‘गेट अक्रॉस’ चालत नाही, कारण समोरच्याला समजल्याशिवाय ते घडलेच नाही. पण समजणे म्हणजे पटणे नव्हे. ‘मी माझा मुद्दा नीट गेट अक्रॉस केला, तरी तिला तो मान्य नाही’ हे वाक्य इंग्रजीत पूर्ण निर्दोष आहे. मराठीत ही जोडी आणताना नेमका इथेच पाय घसरतो. ‘पटवून दिले’ म्हटले तर आपण गरजेपेक्षा पुढे गेलो, कारण त्यात संमती आली. ‘गळी उतरवले’मध्येही संमती आहे, शिवाय थोडा रेटाही आहे. ‘पोचवले’ म्हटले तर आपण अलीकडेच थांबलो. निरोप पोचवणाऱ्याला तो समोरच्याला कळला की नाही याच्याशी कर्तव्य नसते. ‘ठसवले’मध्ये जोर आला, जो मुळात असेलच असे नाही. म्हणून मी या पुस्तकात कोणताही एक प्रतिशब्द ठरवून दिलेला नाही. कधी ‘नीट लक्षात आणून दिले’, कधी ‘उमजेल असे सांगितले’, कधी नुसते ‘त्यांना कळले’ अशी वाक्ये सापडतील. समजावण्यापासून समजण्यापर्यंत आणि समजण्यापासून पटण्यापर्यंत जे अंतर आहे, त्यात ही जोडी नेमकी कुठे उभी आहे, हे कळणे प्रतिशब्दापेक्षा मोलाचे आहे.

शेजारच्या जोड्यांशी ताडून पाहिले की तिची हद्द आणखी स्पष्ट होते. ‘आय कुडन्ट गेट इट अक्रॉस टू हिम’ आणि ‘आय कुडन्ट गेट थ्रू टू हिम’ या दोन वाक्यांचे मराठी भाषांतर अनेकदा सारखेच केले जाते. पण ‘अक्रॉस’मध्ये मध्ये मोकळे अंतर आहे आणि न्यायची जबाबदारी बोलणाऱ्यावर आहे: मला नीट मांडता आले नाही. ‘थ्रू’मध्ये मध्ये काहीतरी भरीव आहे, आणि ते बहुतेक वेळा ऐकणाऱ्याच्या ठायी आहे: त्याच्या डोक्यात काही शिरतच नाही. फोन न लागण्यासाठीही हाच ‘थ्रू’ वापरला जातो. पहिल्या वाक्यात मुद्दा हे कर्म हजर आहे, दुसऱ्यात ते नाहीच. तिथे मुद्द्यापेक्षा माणूसच अगम्य झाला आहे. भांडण झालेल्या दोन भावंडांबद्दल, व्यसनात अडकलेल्या मुलाबद्दल इंग्रजीत ‘थ्रू’ येतो. गणिताच्या तासाबद्दल, सरकारी योजनेच्या जाहिरातीबद्दल ‘अक्रॉस’ येतो. हा फरक कोशातल्या अर्थात सहसा दिसत नाही. तो अव्ययाच्या चित्रात दिसतो.

इथे एक आक्षेप रास्तपणे घेतला जाईल. हे सारे स्पष्टीकरण झाल्यानंतरचे शहाणपण आहे. चित्र माहीत असूनही नवी जोडी कोणत्या अर्थाची असेल हे आधी सांगता येत नाही. ‘गिव्ह अक्रॉस’ का होत नाही? ‘गेट ओव्हर’मध्येही काहीतरी ओलांडलेच जाते, मग त्याचा अर्थ दुःखातून किंवा आजारातून सावरणे असा का झाला? आक्षेप खरा आहे आणि मी तो तसाच स्वीकारतो. चित्रावरून अर्थाचे भाकीत करता येत नाही. पण सांगितलेला अर्थ लक्षात राहणे, तो योग्य जागी वापरता येणे आणि चुकीची रचना कानाला खटकणे, या तीन गोष्टी भाकितापेक्षा वेगळ्या आहेत आणि शिकणाऱ्याला त्यांचीच गरज असते. झोल्तान कोव्हेचेश आणि पीटर साबो यांनी 1996 साली हंगेरियन विद्यार्थ्यांवरचा एक लहानसा प्रयोग प्रसिद्ध केला. ‘अप’ आणि ‘डाउन’ असलेल्या जोड्या एका गटाला त्यांच्यामागच्या प्रतिमांच्या आधारे शिकवल्या, दुसऱ्याला मायबोलीतले प्रतिशब्द देऊन. प्रतिमांचा गट पुढच्या चाचणीत सरस ठरला, आणि जे प्रयोग आधी शिकवलेच नव्हते त्यांतही तो पुढे होता. प्रयोग छोटा होता, त्यावर फार मोठा इमला उभारू नये, पण दिशा आशादायक आहे.

दुसरा आधार आपल्या मराठीतच आहे, आणि तो मला अधिक जवळचा वाटतो. ‘सांगून टाकले’, ‘सांगून बसलो’, ‘सांगून ठेवले’, ‘सांगून पाहिले’ ही चार वाक्ये घ्या. सांगण्याची क्रिया एकच. पण पहिल्यात मनावरचे ओझे उतरले, दुसऱ्यात नको ते तोंडातून गेले आणि आता पश्चात्ताप आहे, तिसऱ्यात पुढच्या प्रसंगाची तजवीज आहे, चौथ्यात नुसता प्रयत्न आहे आणि तो बहुधा वाया गेला आहे. टाकणे, बसणे, ठेवणे, पाहणे या हातापायांच्या आणि डोळ्यांच्या क्रिया; त्यांनी सांगण्याला चार रंग दिले. मराठी घरात वाढणाऱ्या मुलाला यांची यादी कोणी देत नाही, आणि मराठी शिकणाऱ्या परक्याला मात्र त्या जॉन्सनच्या काळातल्या परक्याइतक्याच छळतात. म्हणजे छोट्या शब्दाने मोठ्या क्रियापदाला वळण देण्याचे तंत्र आपल्या हाडीमासी आहे. फरकही सांगायला हवा. इंग्रजी अव्यय मुळात दिशा दाखवते, आपले सहायक क्रियापद क्रियेचा पूर्णत्वाशी आणि बोलणाऱ्याच्या मनाशी असलेला संबंध दाखवते. भाषाशास्त्रज्ञ लेनर्ड टाल्मी यांनी 1985 पासून मांडलेला भेद इथे उपयोगी पडतो: काही भाषा वाट क्रियापदात ठेवतात, काही क्रियापदाबाहेरच्या छोट्या शब्दात. मराठीत ‘ओलांडणे’, ‘शिरणे’, ‘उतरणे’ या क्रियापदांतच वाट असते आणि जाण्याची रीत बाजूला सांगावी लागते: लंगडत रस्ता ओलांडला, पोहून नदी पार केली. इंग्रजीत रीत क्रियापदात जाते आणि वाट ‘अक्रॉस’मध्ये: लिंप अक्रॉस, स्विम अक्रॉस. मराठी माणूस इंग्रजी बोलताना ‘क्रॉस’ या क्रियापदाकडे धाव घेतो आणि ‘अक्रॉस’ मागे राहतो, याचे मूळ बुद्धीच्या कमतरतेत नसून भाषेच्या या घडणीत आहे.

मायबोलीत असे तंत्र असले की काम सोपे होते का, याबद्दल मात्र घाईने निष्कर्ष काढू नये. हिब्रू बोलणारे विद्यार्थी इंग्रजीतल्या या जोड्या टाळतात असे 1985च्या एका अभ्यासात दिसले, आणि कारण सांगितले गेले की हिब्रूत तसे काही नाही. पण 1989 साली यान हुल्स्टाइन आणि एलेन मार्चेना यांनी डच विद्यार्थी तपासले. डचमध्ये अशा जोड्या विपुल आहेत. तरीही ते विद्यार्थी अनेकदा सर्वसाधारण एकशब्दी क्रियापदाकडे वळत, आणि काही जोड्या तर त्या फारच ‘डच वाटतात’ म्हणून टाळत. साम्य असले की माणूस बिचकतोही. म्हणून मराठीशी असलेले साम्य मी दाखवतो ते घाई करण्यासाठी नाही, धीर देण्यासाठी.

आणखी एक आक्षेप सुशिक्षित वाचकाकडून येतो: ‘कन्व्हे’, ‘कम्युनिकेट’ असे भारदस्त शब्द असताना ही बोलभाषेतली जोडी कशाला? तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेपासून आपल्याकडचे इंग्रजी शिक्षण बरेचसे लिखित आणि भाषांतराधारित राहिले. पत्रव्यवहारापुरते ते उत्तम चालले. पण महाराष्ट्रात 2000 सालापासून मराठी शाळांतही पहिलीपासून इंग्रजी सुरू झाले, ते मुलांनी इंग्रजी बोलावे म्हणून. आणि बोलण्यात ‘कन्व्हे’ जड होतो. शिवाय ‘कन्व्हे’ म्हणजे तरी काय? लॅटिनमध्ये ‘व्हिया’ म्हणजे वाट; वाटेने सोबत करणे यातून तो शब्द आला. ‘ट्रान्सफर’मध्ये पलीकडे वाहून नेणेच आहे. भारदस्त शब्दांतही तेच चित्र आहे, फक्त ते झिजून गेले आहे. अर्थात औपचारिक अर्जात ‘कन्व्हे’ योग्य, तिथे मी ‘गेट अक्रॉस’चा आग्रह धरणार नाही.

आता त्या फसव्या बाजूकडे येतो. मायकल रेडी यांनी 1979 साली एक निबंध लिहिला आणि दाखवले की इंग्रजी भाषा बोलण्याविषयी बोलताना सतत एकच चित्र वापरते: विचार म्हणजे वस्तू, शब्द म्हणजे तिचे भांडे, बोलणे म्हणजे ते भांडे नळातून पलीकडे सोडणे, ऐकणे म्हणजे आतली वस्तू काढून घेणे. त्यांनी दिलेल्या उदाहरणांत अगदी पहिलेच वाक्य ‘गेट अक्रॉस’चे आहे. रेडी यांचा इशारा असा की या चित्रामुळे समजणे ही आपोआप घडणारी गोष्ट वाटू लागते. वस्तू पाठवली, म्हणजे मिळालीच असणार. त्याऐवजी त्यांनी एक कल्पना मांडली. चाकाच्या आऱ्यांप्रमाणे वेगळ्या केलेल्या प्रदेशांत एकेक माणूस राहतो. एकमेकांना ते भेटू शकत नाहीत, फक्त कागदावरच्या आकृत्या पाठवू शकतात. एकाच्या भागात झाडे आहेत, तो पाने गोळा करायला दंताळे बनवतो आणि त्याची आकृती पाठवतो. दुसऱ्याच्या भागात खडक आहेत. तो तीच आकृती पाहून दगड उपटायचे जड अवजार बनवतो. तिसरा दलदलीत राहतो, त्याच्या हातून कुदळीसारखे काहीतरी तयार होते. आकृती तीच, पोचलीही बरोबर, पण प्रत्येकाने ती आपल्या जमिनीवर उभी केली. मला ही कल्पना नळाच्या चित्रापेक्षा कितीतरी खरी वाटते. ‘अक्रॉस’ वापरावा, पण पलीकडच्या काठाची जमीन कशी आहे हे तो शब्द सांगत नाही, ही जाण ठेवून वापरावा.

हा वाद केवळ पुस्तकी नाही. 27 जानेवारी 1986च्या संध्याकाळी चॅलेंजर यानाचे रॉकेट बनवणाऱ्या मॉर्टन थायोकोल कंपनीच्या अभियंत्यांनी दूरध्वनी बैठकीत नासाला बजावले की थंडीत रबरी ओ-रिंग नीट बसत नाहीत, 53 अंश फॅरनहाइटखाली उड्डाण नको. तक्ते फॅक्सने पाठवले गेले. चर्चेनंतर कंपनीच्या व्यवस्थापनानेच शिफारस फिरवली. दुसऱ्या दिवशी सकाळी यान उडाले, 73 सेकंदांत फुटले आणि सात जण गेले. पुढे 1997 साली माहितीच्या मांडणीचे अभ्यासक एडवर्ड टफ्टी यांनी लिहिले की अभियंत्यांचे तक्तेच सदोष होते. तापमान आणि ओ-रिंगची हानी यांचा संबंध एका नजरेत दिसेल असा एकही आलेख त्यांत नव्हता. थोडक्यात, त्यांना मुद्दा ‘गेट अक्रॉस’ करता आला नाही. 2002 साली त्याला उत्तर आले, आणि ते देणाऱ्यांत त्या रात्री बजावणारे अभियंते रॉजर बॉइसजॉली स्वतः होते. टफ्टींना हवा होता तसा आलेख काढण्याजोगी माहिती त्या रात्री हाती नव्हती आणि टफ्टींनी स्वतःच हवेचे तापमान आणि रिंगचे तापमान यांची गल्लत केली, असे त्यांचे म्हणणे. शिवाय ऐकणाऱ्यांचा कल आधीच ठरलेला असेल तर मांडणी कितीही चांगली असून काय उपयोग? मला हे उत्तर पटते. टफ्टींचा दोषारोप ‘अक्रॉस’च्या चित्रातून सरळ निघतो: माल पलीकडे गेला नाही, म्हणजे पाठवणाऱ्याने नीट बांधला नसेल. त्या चित्रात पैलतीरावरच्या माणसाला हात पुढे करण्याचे कर्तव्यच नाही. अपघातानंतर 1986च्या फेब्रुवारीत भौतिकशास्त्रज्ञ रिचर्ड फाइनमन यांनी चौकशीच्या बैठकीत रबराचा तुकडा बर्फाच्या पाण्यात बुडवून दाखवला आणि तो मुद्दा साऱ्या देशाला क्षणात कळला. तेव्हा देश ऐकायला तयार होता, हा भाग मात्र सहसा कोणी सांगत नाही.

पुस्तकाच्या मांडणीविषयी दोन शब्द. आरंभी नदी, रस्ता, दरी, सरहद्द अशी प्रत्यक्ष ओलांडण्याची वाक्ये आहेत. बोलण्या-समजावण्याची वाक्ये त्यांच्या खांद्याला खांदा लावून येतात, वेगळ्या प्रकरणात नाहीत. आडव्या रेघेचे प्रयोग, म्हणजे ‘कम अक्रॉस’ आणि ‘रन अक्रॉस’, नंतर घेतले आहेत. ‘अक्रॉस द बोर्ड’सारखे गोठलेले वाक्प्रचार गाळले आहेत, कारण त्यांत क्रियापदाचा प्रश्न येत नाही. वाक्ये मोठ्याने वाचावीत, ही विनंती. ‘वी गॉट अक्रॉस द रिज’ म्हणताना आवाजाचा जोर ‘रिज’वर जातो, कारण ‘अक्रॉस’ तिथे फक्त वाट दाखवतो. ‘वी गॉट इट अक्रॉस’मध्ये मधला ‘इट’ जवळजवळ गिळला जातो आणि जोर ‘अक्रॉस’च्या दुसऱ्या अवयवावर येतो. मराठी तोंडाला प्रत्येक शब्द सारख्या वजनाने म्हणायची सवय असते, म्हणून सुरुवातीला हा ‘इट’ मुद्दाम हलका करावा लागेल. आठ-दहा वाक्यांनंतर तो आपोआप हलका होऊ लागतो.